डाव्या चाकाचा बोल्ट

१

बिरप्पाचा ट्रक खाणीत कोसळला तेव्हा ते बघायला कोणी नव्हतं. अमावास्या होती, क्रशर बंद होता, कामगार आपापल्या गावी गेले होते. मैंदर्गीच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून बरीच आत, काळ्या दगडाची ही खाण. चारी बाजूंना उघडा माळ. त्या दिवशी तिथं दोनच माणसं होती, बिरप्पा आणि दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर हिंदुराव. वर ट्रकमधले दगड ओतताना हिंदुरावनं आवाज ऐकला आणि तो धावत काठावर आला. खाली नुसती धूळ दिसत होती.

दगडांनी भरलेला ट्रक चढावरच्या कोपऱ्यातून डावीकडं, थेट खाणीत गेला होता. बिरप्पा जागीच गेला.

दुपारी पोलीस आले, मालक शिवराज आला, आणि संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं सुरू झालं. ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकाचा ॲक्सल शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, तुटला होता. याच चाकाचा शाफ्ट आधी तीनदा तुटला होता आणि तीनही वेळा सोलापूरच्या खालिद मिस्त्रीनं नवा बसवला होता. त्याचं आणि बिरप्पाचं मध्यंतरी भांडणही झालं होतं. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. खालिदनं शाफ्ट कापून ठेवला, असं कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणायला लागले. त्याच्या गॅरेजवर दगड पडले. पोलीस त्याला लोकांच्या तावडीतून सोडवून चौकीत घेऊन गेले आणि कोर्टाची परवानगी घेऊन चौकशीसाठी तिथंच ठेवलं.

बारा दिवसांनी विमा कंपनीनं सिद्धेश्वरी बिराजदारना पाठवलं. पन्नाशी ओलांडलेली ही बाई अपघातातल्या गाड्या तपासायचं काम करायची. नवरा गेल्यापासून घरात एकटी. मुलगी लांबच्या देशात, रविवारी फोन. सिद्धेश्वरींना मोडक्या गाड्यांजवळ बरं वाटायचं. तिथं कोणी 'कशी आहेस' असं विचारत नाही.

सिद्धेश्वरी खाणीत उतरल्या. ट्रक लष्कराच्या लिलावातला होता, सगळ्या चाकांना ताकद मिळणारा. अशा ट्रकची पुढची चाकं वळतातही आणि ओढतातही. म्हणून पुढच्या शाफ्टला चाकाजवळ एक सांधा असतो, माणसाच्या कोपरासारखा. कोपर एका मर्यादेपलीकडं वाकवलं की मोडतं, तसंच याचं.

तुटलेला शाफ्ट त्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिला. करवतीची खूण कुठंच नव्हती. सांध्याला दोन बाजूंनी धरणारे लोखंडी कान मात्र एकमेकांवर आपटून चेपले होते आणि तिथूनच भेग गेली होती. तुकडे चाकाच्या आत अडकून स्टेअरिंग जाम झालं असणार. चाकं डावीकडं पुरी वळलेली असताना ते जाम झालं आणि ट्रक तसाच डावीकडं गेला. खाली आपटल्यावर चाक पुन्हा सरळ झालं होतं.

पण कान आपटलेच कसे? चाक मर्यादेपेक्षा जास्त वळू नये म्हणून तिथं एक जाड बोल्ट असतो, स्टॉपर. त्यांनी वाकून पाहिलं. स्टॉपर जागेवर होता, घट्ट बसवलेला, डोक्यावर जुना लष्करी हिरवा रंग.

त्यांनी टॉर्च जवळ नेला. उजव्या चाकाच्या स्टॉपरवर काळ्या धुळीचा आणि ग्रीसचा दगडासारखा थर होता. तो ज्या लोखंडावर टेकायचा तिथं वर्षानुवर्षं आपटून खळगा पडला होता. डाव्या बोल्टवर नावाला धूळ होती. समोरच्या लोखंडावर जुना खळगा होता खरा, पण तो गंजलेला. त्या गंजावर कित्येक महिन्यांत काहीच टेकलं नव्हतं.

म्हणजे बोल्ट इतके दिवस तिथं नव्हताच. ट्रक पडल्यावर कोणीतरी तो आणून बसवला होता.

२

"कोणी हात लावलेला नाही," शिवराज म्हणाला. तो तिशीतला होता. वडिलांच्या पश्चात खाण बघायचा आणि पत्र्याच्या ऑफिसात बसून सारखा मोबाईल उलटासुलटा करायचा. "पोलिसांनी दुपारी फोटो काढले. त्यानंतर तिथं शिपाई बसवलाय."

"फोटो बघू."

पोलिसांच्या फोटोंच्या प्रती त्याच्या मोबाईलवर होत्या. एका फोटोत डावं चाक जवळून दिसत होतं. बोल्ट तेव्हाही जागेवर होता.

"तुम्ही कधी पोहोचलात?"

"पोलिसांबरोबरच. सोलापुरात सासऱ्यांना दवाखान्यात नेलं होतं. हिंदुरावचा फोन आला, तसा निघालो."

"आणि खालिद?"

"तो त्याच्या गॅरेजवरच होता. पण मॅडम, त्यानं काय केलं असेल ते आधीच केलं असणार ना."

सिद्धेश्वरी उठून उभ्या राहिल्या. खिडकीतून चढ दिसत होता. खाणीच्या भिंतीला धरून तो वर येत होता, उजवीकडं दगडाची भिंत, डावीकडं खोल खड्डा. मध्यावर एक अरुंद कोपरा.

"हा कोपरा एवढा मोठा ट्रक कसा वळतो?"

"पूर्वी त्रासच होता. थोडं पुढं जायचं, मग मागं घ्यायचं, मग परत पुढं. मागं घेताना डावं मागचं चाक अगदी काठाला यायचं. आता बिरप्पाचा ट्रक एका दमात वळतो. वळायचा."

"आता म्हणजे कधीपासून?"

"मागच्या पावसाळ्यापासून असेल."

"कोपरा रुंद केलात?"

"करायचाय. तिथला दगड फोडायला मशीन मोकळं होत नव्हतं." त्यानं मोबाईल उलटा केला. "मला वाटलं, त्याचा हात बसला असेल."

"आणि शाफ्ट कधीपासून तुटायला लागले?"

शिवराजनं मोबाईल टेबलावर ठेवला.

"पावसाळ्यानंतरच," तो हळू म्हणाला.

त्या क्षणी सिद्धेश्वरींनी त्याचं नाव मनातून काढून टाकलं. बोल्ट काढल्याचं ज्याला माहीत असेल तो हे असं सहज सांगणार नाही. शिवाय बोल्ट बसवला गेला तेव्हा तो सोलापुरात होता, खालिदही सोलापुरात होता.

पण खालिदकडून एक गोष्ट कळायची राहिली होती. तीन वेळा त्यानं ते चाक उघडलं होतं. बोल्ट नाही, हे त्याला दिसलं कसं नाही?

३

चौकीच्या मागच्या खोलीत खालिद बाकावर बसला होता. भुवईवर टाके होते. दाराबाहेर त्याची बायको मुमताज डबा घेऊन उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडं बघत होती.

"माझ्याशी बोलायला तुम्हीच पहिल्या आल्या," तो म्हणाला. "बाकी सगळे विचारायला येतात."

"मीही विचारायलाच आले आहे."

तो किंचित हसला. "विचारा."

"शाफ्ट कुठून आणत होतात?"

"पहिला जुन्या बाजारातला. तो तुटला तेव्हा मला वाटलं, माल खराब. दुसरा पुण्याहून मागवला, नवा. तिसरा दुसऱ्या लष्करी गाडीतला काढलेला. तिन्ही एकाच जागी तुटले, मॅडम."

"तीन ठिकाणचं लोखंड एकाच जागी तुटतं तेव्हा दोष लोखंडात नसतो."

"हेच मी बिरप्पाला म्हणालो. तू गाडी कशी चालवतोस ते सांग. चाकं पूर्ण वळवून, पुढची चाकं ओढीला जोडलेली ठेवून जोर लावतोस का? त्याला राग आला. त्यावरनं वाजलं आमचं. मेलेल्या माणसाशी भांडलो होतो, एवढाच माझा गुन्हा."

"स्टॉपर बघितला होतात?"

"बघितला की. सगळ्यात आधी तोच बघतो." तो सरळ बसला. "तिन्ही वेळा जागेवर होता. घट्ट."

सिद्धेश्वरी त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलायचं असतं तर 'बोल्ट नव्हता' म्हणून त्यानं दुसऱ्या कोणावर तरी ढकललं असतं.

"शाफ्ट तुटल्याचा फोन आला की तिथं पोहोचायला किती वेळ लागायचा तुम्हाला?"

"सामान गोळा करून, सोलापुरातनं निघून... दुपार तरी व्हायची."

म्हणजे ट्रक धावत असताना बोल्ट निघालेला असायचा, आणि मिस्त्री यायच्या आत तो परत लागायचा. काढणाऱ्यानं तो टाकून दिला नव्हता, जपून ठेवला होता.

"खाणीत तुम्हाला न्यायला कोण यायचं?"

"कधी बिरप्पा, कधी हिंदुराव. ड्रायव्हर दोघंच तर तिथं." खालिदनं भुवईला हात लावला. "एक विचारू? मी सुटेन का?"

"सुटाल," त्या म्हणाल्या. बाहेर येताना त्यांनी मुमताजलाही तेच सांगितलं. तिनं मान हलवली, पण विश्वास ठेवला असं वाटलं नाही.

बोल्ट कोणी काढला हे आता दोन नावांवर आलं होतं. पण का काढला? आपलाच ट्रक रोज मोडेल असं कोणता ड्रायव्हर करेल?

४

बिरप्पाचं घर मैंदर्गीच्या कडेला होतं. पुढं शेळी बांधलेली. त्याची बायको बजाबाई उंबऱ्यात बसली होती. पै-पाहुणे येऊन गेले होते आणि आता कोणी येत नव्हतं, हे अंगणातल्या न हललेल्या सतरंजीवरून कळत होतं.

सिद्धेश्वरींनी कानडीत विचारपूस केली. त्यांच्या आईकडची भाषा होती ती. बजाबाईनं दोन वाक्यं कानडीत बोलून घेतली आणि मग मराठीवर आली, जणू दुःख सांगायला तिला तीच सोपी होती.

"लई कमी बोलायचे. दिवसभर त्या भोकात, आन् घरी आलं की झोप. त्या हिंदुरावाशी तेवढं बोलायचे."

"गेल्या काही महिन्यांत काही वेगळं वाटलं तुम्हाला?"

"डावा खांदा सारका निळा असायचा. दाराच्या चौकटीवर आपटायचे. मी म्हनायचे, रोजचं दार हाय, कळत न्हाय व्हय तुमाला? तर हसायचे."

"डोळ्यांची काही तक्रार?"

बजाबाईनं शेळीकडं पाहिलं.

"सुई ओवून मागितली तर न्हाय म्हनायला लागले. मागं एकदा शिबिराची गाडी आली हुती गावात, मोतीबिंदूची. गेले न्हाईत. म्हनले, रजा पडली की मालक दुसरा ड्रायवर ठेवंल. खाणीचा दगड जातोय त्या रस्त्याचं काम संपू दे, मग बघू."

सिद्धेश्वरींना ट्रकचे आरसे आठवले. उजवा आरसा फुटला होता, पण चौकटीत राहिलेली काच साफ होती, रोज पुसलेली. डावा आरसा शाबूत होता आणि त्यावर धुळीचा जुना, घट्ट थर होता. सकाळी ते पाहून त्यांनी सोडून दिलं होतं. ज्या आरशात आपल्याला काही दिसत नाही तो पुसायचा कशाला?

आणि त्या कोपऱ्यात ट्रक मागं घेताना काठ किती जवळ आहे, ते त्याच आरशात बघावं लागत होतं.

"हिंदुराव येऊन गेले का?"

"न्हाय आले." बजाबाईच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "माती द्यायला आले, ते लांब हुबं राहिले. नंतर फिरकले न्हाईत. दर सोमवारी जेवायचे हितं. माझ्या हातची शेंगाची चटणी न्यायचे डब्यातनं. एवढी दोस्ती, आन् दहाव्याला बी न्हाय. माजं काय चुकलं म्हनायचं?"

५

हिंदुराव आपल्या बंद ट्रकच्या सावलीत बसला होता. काम थांबलेलं होतं, तरी तो रोज येऊन बसायचा, असं शिपाई म्हणाला. दुपार तापली होती. माळावर वारा होता आणि त्या वाऱ्यालाही अडवायला काही नव्हतं.

सिद्धेश्वरी त्याच्या शेजारी दगडावर टेकल्या.

"बजाबाईंकडं जाऊन आले."

त्यानं मान वर केली नाही. "बऱ्या हाईत का?"

"तुम्ही का येत नाही, विचारत होत्या."

तो पायाजवळचा खडा उकरत राहिला.

"हिंदुराव, त्या डाव्या चाकाचा स्टॉपर शाफ्ट तुटला की परत जागेवर यायचा. मिस्त्री गेला की पुन्हा निघायचा. तीन वेळा तो कोणी लावला हे मला सांगता आलं नसतं. बिरप्पानं लावला असेल, तुम्ही लावला असेल. पण चौथ्या वेळीही तो लागला. पोलीस यायच्या आत. आणि त्या वेळी बिरप्पा लावू शकत नव्हता."

वाऱ्यानं त्याच्या टोपीची कड हलली. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"खालिद आणि मालक सोलापुरात होते," त्या पुढं म्हणाल्या. "इथं तुम्ही एकटेच होतात."

"व्हय," हिंदुराव म्हणाला. "मी एकटाच हुतो."

मग तो बोलायला लागला, खाली बघून, न थांबता. खूप दिवसांत कोणाशी न बोललेला माणूस बोलतो तसा.

"नातेपुत्याला गावी माजं कुणी न्हाय, मॅडम. भावानं घर वाटून घेतलं, बायको तिच्या माहेरी गेली ती गेली. हितं आलो तवा ह्यो एकच मानूस भेटला. आमी दोघंच. त्यो चढायचा तवा मी उतरायचो. मधी रुंद जागा हाय, तितं एकमेकास्नी हात करायचो. दिसभरात तेवढंच बोलणं. पर तेवढ्यावर दिवस जायचा.

"पावसात एकदा मागं घेताना चाक निम्मं काठाच्या भाईर आलं. मी खालनं बघितलं. वर आलो तर ह्यो खाली बसून रडत हुता. तवा कळलं मला डोळ्याचं. म्हनला, ऑपरेशन हुईस्तोवर संभाळ, कुणाला सांगू नको. बजीला बी न्हाय. आता मागंच घ्यायची येळ आली न्हाय पायजे, असं करायचं हुतं. म्हून म्या त्यो बोल्ट काडला. चाक जास्त वळलं. एका दमात वर."

"शाफ्ट तुटायला लागले तेव्हा कळलं नाही?"

"कळलं. पयल्यांदाच कळलं." त्यानं डोळे मिटले. "म्या म्हनलं, लोखंड तुटतंय. मानूस तर न्हाय ना तुटत. बोल्ट फडक्यात गुंडाळून माज्या गाडीत ठेवला हुता. डोळा बरा झाला की कायमचा बसवायचा, असं ठरलं हुतं आमचं."

"आणि त्या दिवशी?"

"खाली उतरलो. आधी त्याच्याजवळ बसलो. गेलाच हुता. लई वेळ बसलो. मग मनात आलं, लोक म्हनतील, आंधळा गाडी चालवत हुता. बजाबाईला ऐकावं लागंल. म्हून लावला बोल्ट." त्यानं गुडघ्यावरची टोपी उचलली. "हे बी खरं, आन् मला भ्या वाटलं, हे बी खरं."

"खालिदला धरून नेलं. त्याचं डोकं फुटलं."

"म्हाईत हाय."

"तरी गप्प राहिलात."

"व्हय," तो म्हणाला.

तो उठला. ट्रकचं दार उघडून त्यानं आतली किल्ली काढली आणि शिपायाच्या हातात दिली.

"चौकीत मी माजा जातो, मॅडम," तो म्हणाला. "तुमी सोबत येऊ नका. वाट म्हाईत हाय मला."

उघड्या माळावरून तो रस्त्याच्या दिशेनं चालत गेला. बराच वेळ दिसत होता.

६

खालिद त्याच संध्याकाळी घरी गेला. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरी गॅरेजवर गेल्या तेव्हा तो फुटलेल्या काचा गोळा करत होता. आभार वगैरे काही म्हणाला नाही.

"बोल्ट जागेवर दिसला की मी पुढं गेलो," तो म्हणाला. "समोरच्या लोखंडावरचा गंज बघितला असता तर पहिल्याच वेळी कळलं असतं."

"लपवणारा समोर उभा असताना कोणाला कळतं?"

"तुम्हाला कळलं."

"मी शेवटी आले. शेवटी येणाऱ्याला सोपं असतं," त्या म्हणाल्या.

अहवालात त्यांनी सगळं लिहिलं, बिरप्पाच्या डोळ्यासकट. ते गाळता येण्यासारखं नव्हतं. शेवटी सूचना दिल्या. पुढची चाकं ओढायला जोडायची ती फक्त सुट्या दगडावर आणि स्टेअरिंग सरळ असताना. पुरं वळवून जोर लावायचा नाही. स्टॉपर सुटणार नाही असा पक्का करायचा. मागं घेताना खाली उभा राहून सांगणारा माणूस हवा. ड्रायव्हरचे डोळे तपासायचे, आणि तपासणीमुळं त्याची नोकरी जाणार नाही हे आधी सांगायचं. शिवराजनं अहवाल वाचला आणि त्याच आठवड्यात मशीन आणून कोपऱ्याचा दगड फोडला. काम दोन दिवसांचंच होतं. ते संपल्यावर तो त्या रुंद कोपऱ्यात एकटाच उभा राहिला. कोणी त्याच्याशी बोलायला गेलं नाही.

बजाबाईला मात्र हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, असं सिद्धेश्वरींना वाटत होतं. त्या पुन्हा मैंदर्गीला गेल्या. उंबऱ्यात बसून, काही न लपवता, सगळं सांगितलं.

सांगून झाल्यावर बजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

"मला सांगायचं हुतं की," ती शेवटी म्हणाली. "म्या बसले असते त्यांच्या शेजारी गाडीत. दिसभर बसले असते. मागं घेताना म्हनले असते, हितवर या, आता थांबा. त्यात काय हुतं? मला हितं तरी कोन हुतं दिसभर?"

शेळी ओरडली. बजाबाई उठली, तिच्यापुढं पाला टाकला, आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या.

"हिंदुराव चौकीत हाय नव्हं?"

"हो."

"त्याला एकदा इचारायचंय मला. त्यानं बी मला का न्हाय सांगितलं, एवढंच. मग काय व्हायचं ते हू दे." तिनं दाराला कडी घातली. "सोडशीला का मला तितवर, बाई?"

सिद्धेश्वरींच्या गाडीत शेजारच्या सीटवर कायम फाइली, टॉर्च, पाण्याची बाटली, औषधाची पिशवी असं पसरलेलं असायचं. वर्षानुवर्षं तिथं कोणी बसलं नव्हतं. त्यांनी ते सगळं उचलून मागं टाकलं, सीटवरची धूळ हातानं झटकली आणि दार उघडून धरलं.

बजाबाई आत बसली, भाकरी मांडीवर घेऊन. मैंदर्गी मागं पडलं. मग पुढच्या फाट्याशी गाडी हळू झाली तशी बजाबाईनं खिडकीतून डावीकडं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "कुनी न्हाय. चल."